निकषात बसणारी मुलं

परवा जुन्या कागदांचा खोका आवरायला काढला. आवरणं कसलं, एकेक कागद उलगडून वाचत बसणंच चाललं होतं. (आई हे वाचून हसणार. माळा साफ करायला चढून वरच दिवाळी अंक वाचत बसायची सवय मुळात तिची.) त्यात चिरंजीवांच्या शाळेचा एक पिवळा पडलेला कागद हाताला लागला. ऑगस्ट २००९. आपला मुलगा प्री-केसाठी पात्र आहे, असं वर एक वाक्य, आणि खाली पात्रतेची कारणं एकाखाली एक छापलेली. प्रत्येक कारणापुढे एक चौकट. त्यातल्या एका चौकटीत निळ्या पेनाने फुली मारली होती. कारण असं, की मुलाला इंग्रजी बोलता येत नाही आणि समजतही नाही.

चिरंजीव आता विशीत आहेत. त्यांना कागद दाखवला तर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मला? इंग्लिश येत नव्हतं?"

नव्हतं रे बाबा. आणि म्हणून तर जागा मिळाली.

भारतातल्या मंडळींसाठी आधी थोडं सांगते. टेक्ससमध्ये पाचव्या वर्षी मूल किंडरगार्टनमध्ये जातं. तो वर्ग सरकारी शाळेत सगळ्यांना फुकट. त्याच्या आधीचं वर्ष म्हणजे प्री-किंडरगार्टन, बोलण्यात नुसतं प्री-के. आपल्याकडचा छोटा शिशू म्हणा. हा वर्गही त्याच सरकारी शाळेत भरतो, त्याच इमारतीत, पण फुकट जागा सगळ्यांना मिळत नाही. १ सप्टेंबरला चार वर्षं पूर्ण हवीत, आणि शिवाय यादीतल्या एका तरी कारणात बसावं लागतं. आम्ही गेलो त्या वर्षी यादी साधारण अशी होती: इंग्रजी न येणारी मुलं, गरीब घरातली मुलं, बेघर मुलं, लष्करात असलेल्यांची मुलं, आणि सरकारच्या देखरेखीखाली दुसऱ्यांच्या घरी वाढणारी, म्हणजे फोस्टर केअरमधली मुलं.

तेव्हा आम्ही डॅलसच्या उत्तरेला एका अपार्टमेंटमध्ये राहत होतो. नवरा सॉफ्टवेअरमध्ये, मी एच-४ व्हिसावर घरी. खासगी प्रीस्कूलची फी ऐकून घरी येऊन दोनदा पाणी प्यायले होते. खालच्या मजल्यावरच्या एका तेलुगू मैत्रिणीने सांगितलं, अगं सरकारी शाळेत घाल, आपली मुलं भाषेवर बसतात. भाषेवर बसणं हा शब्दप्रयोग मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

शाळेच्या कॅफेटेरियात नावनोंदणी होती. जन्मदाखला, लसीकरणाचा कागद, विजेचं बिल, सगळं फाइलमध्ये लावून नेलं होतं. व्हिसाचे कागदही घेतले होते. ते कोणी विचारलेच नाहीत, आणि मला तेव्हा त्याचं नवल वाटलं. माझ्यापुढे रांगेत एक बाई होती, अंगात कुठल्याशा दुकानाचा गणवेश, कडेवर एक लहान मुलगी आणि हाताला माझ्या मुलाएवढाच मुलगा. तिने पगाराच्या स्लिपा टेबलावर ठेवल्या. टेबलापलीकडच्या बाईंनी कॅल्क्युलेटरवर आकडे मारले, परत मारले, आणि हळू आवाजात सांगितलं की उत्पन्न मर्यादेच्या वर जातंय. थोडंसंच, पण जातंय. त्या वर्षी तिघांच्या कुटुंबाला मर्यादा होती वर्षाला ३३,८७४ डॉलर. (हा आकडा मी नंतर शोधून काढला. त्या दिवशी फक्त कॅल्क्युलेटरचा आवाज ऐकला.)

"म्हणजे मी कमी तास काम करायला हवं होतं का?" तिने विचारलं. चिडून नाही, खरंच माहिती हवी असल्यासारखं.

त्यावर टेबलापलीकडे उत्तर नव्हतं.

मग माझा नंबर. माझ्या पगारस्लिपा कोणी मागितल्या नाहीत. एक छोटा फॉर्म दिला, त्यात दोनच प्रश्न. घरात बहुतेक वेळ कोणती भाषा बोलली जाते? मूल बहुतेक वेळ कोणती भाषा बोलतं? दोन्हीकडे मराठी लिहिलं. स्पेलिंग सांगितलं. त्यांच्या यादीत मराठी नसावी, 'इतर'मध्ये गेली. मग एक शिक्षिका चिरंजीवांना कोपऱ्यातल्या टेबलाशी घेऊन गेली आणि चित्रं दाखवायला लागली. मी लांबून कान देऊन ऐकत होते. छत्रीचं चित्र आलं. चिरंजीव ठणठणीत आवाजात म्हणाले, "छत्री!" कुत्रा. "भूभू!" शिक्षिका हसली, कागदावर काहीतरी लिहिलं, पुढचं चित्र काढलं. सगळी उत्तरं बरोबर होती हो, फक्त तिच्या कागदावर ती सगळी चूक होती.

पाच मिनिटांत फुली पडली. बाहेर पार्किंगमध्ये ती मघाची बाई मुलांना गाडीत बसवत होती. मला म्हणाली, "मिळाली जागा?" मी हो म्हटलं. "छान झालं," म्हणाली, आणि तिला ते खरंच छान वाटलं असावं. आमच्या घराचं उत्पन्न तिच्या दुपटीहून जास्त होतं. मी काही बोलले नाही. काय बोलणार होते?

घरी फोनवर सांगितलं तर निराळंच. एक मावशी म्हणाली, अगं इंजिनियरचा मुलगा ना, आणि इंग्रजी येत नाही असं लेखी दिलंत? असो.

ती फुली मात्र डोक्यात राहिली. कायदा करणाऱ्यांच्या मनात मराठी पोरं असणं शक्यच नव्हतं. मग हे वाक्य लिहिलं कोणासाठी? पुढे मुलं झोपल्यावर, लायब्ररीतून पुस्तकं आणून, तुकड्या-तुकड्यांत वाचत गेले, आणि लक्षात आलं की ज्या दारातून आम्ही सहज आत गेलो ते दुसऱ्याच कोणीतरी फार कष्टाने उघडलेलं होतं.

टेक्ससमध्ये १९१८ साली कायदा झाला, की शाळेत परकीय भाषेचा तास सोडला तर इंग्रजीशिवाय दुसऱ्या भाषेत शिकवणं हा शिक्षकाचा गुन्हा. दक्षिण टेक्ससमधली मेक्सिकन वंशाची मुलं स्पॅनिश बोलत शाळेत यायची. मधल्या सुट्टीत स्पॅनिश बोललं म्हणूनही मार खायची. बऱ्याच गावांत त्यांची शाळाच वेगळी असे. १९४८ साली डेल्गादो विरुद्ध बॅस्ट्रॉप या खटल्यात कोर्टाने अशा वेगळ्या शाळा बेकायदा ठरवल्या, पण एक फट ठेवली: ज्यांना इंग्रजी येत नाही अशा मुलांचा पहिलीपुरता वेगळा वर्ग त्याच आवारात चालवायला हरकत नाही, मात्र चाचणी घेऊन ठरवा.

फट ठेवली की काय होतं ते आपल्याला माहीत आहे. कॉर्पस क्रिस्टीजवळच्या ड्रिस्कॉल गावातली शाळा मेक्सिकन आडनावाच्या मुलांना भाषेच्या नावाखाली वेगळं बसवून पहिलीतच दोन-तीन वर्षं काढायला लावायची. १९५७च्या जानेवारीत कोर्टाने तेही बंद केलं. त्या खटल्यात एका मुलीची हकिगत आहे. तिला स्पॅनिश येतच नव्हतं, घरी फक्त इंग्रजी. तरी तिला 'इंग्रजी न येणाऱ्या' वर्गात बसवलं होतं, आडनावावरून. वकिलाने येऊन भांडल्यावर तिची सुटका झाली. ही हकिगत वाचली तेव्हा मला आमच्या कोपऱ्यातलं टेबल आठवलं. आमच्या मुलाला निदान छत्रीचं चित्र तरी दाखवलं होतं.

त्याच १९५७च्या उन्हाळ्यात गणेडो नावाच्या छोट्या गावात एक गोष्ट घडली. ह्यूस्टनला फेलिक्स तिहेरिना नावाचे एक गृहस्थ होते. दुसऱ्याच्या रेस्टॉरंटमध्ये उष्टी भांडी उचलण्यापासून सुरुवात करून स्वतःची मेक्सिकन रेस्टॉरंट्स काढलेले. मेक्सिकन-अमेरिकन लोकांची 'ल्युलॅक' ही १९२९ सालची जुनी संघटना, तिचे ते तेव्हा राष्ट्रीय अध्यक्ष. त्यांचं म्हणणं साधं होतं. पहिलीत जायच्या आधी मुलाला इंग्रजीतले अगदी रोजचे चारशे शब्द आले, तर ते वर्गात टिकेल. नाहीतर पहिल्याच वर्षी नापास, मग परत पहिली, मग शाळाच बंद. मग शिकवायला कोण? इझाबेल वर्वर नावाची सतरा वर्षांची मुलगी, स्वतः अजून हायस्कुलात. तिने त्या सुट्टीत गावातली पोरं गोळा करून वर्ग घेतला. 'लिटल स्कूल ऑफ द फोर हंड्रेड', चारशे शब्दांची छोटी शाळा. ती इतकी चालली की १९५९ साली टेक्ससच्या विधिमंडळाने कायदा करून इंग्रजी न येणाऱ्या बालकांसाठी सरकारी पैशातून उन्हाळी वर्ग मंजूर केले, आणि १९६०पासून हजारो मुलं त्यात जाऊ लागली. आमच्या फुलीची आजी ही.

या शाळेबद्दल सगळ्यांचं मत चांगलं नाही, तेही सांगायला हवं. पुढच्या पिढीतल्या मेक्सिकन-अमेरिकन मुलांना वाटलं, आमच्या भाषेला अडथळा का समजायचं? १९६९च्या डिसेंबरात क्रिस्टल सिटी गावातली मुलं शाळा सोडून रस्त्यावर आली. त्यांच्या मागण्यांत दोन्ही भाषांतून शिक्षण ही एक होती. त्याच वर्षी १९१८चा कायदा सैल झाला आणि १९७३ साली टेक्ससने द्वैभाषिक शिक्षणाचा कायदा केला. तिहेरिना आणि ही पोरं, दोघांचं म्हणणं मला पटतं. चार वर्षांचं पोर घेऊन रांगेत उभी राहिले होते तेव्हा मी तिहेरिनांच्या बाजूची होते. आता मागे वळून बघताना क्रिस्टल सिटीच्या बाजूला झुकते. का ते पुढे येईलच.

गरिबीच्या चौकटीची गोष्ट याहून जास्त लोकांना ठाऊक असते. लिंडन जॉन्सन राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधी, १९२८-२९ साली, दक्षिण टेक्ससमधल्या कोटुलात मेक्सिकन मुलांच्या शाळेत मास्तर होते. (मुलांनी स्पॅनिश बोलू नये यावर त्यांचाही कटाक्ष होता म्हणतात.) ती उपाशीपोटी शाळेत येणारी मुलं ते विसरले नाहीत. १९६५च्या उन्हाळ्यात त्यांनी 'हेड स्टार्ट' सुरू केलं आणि पहिल्याच उन्हाळ्यात साडेपाच लाखांहून जास्त मुलं त्यात आली. पण गरीब कोण, हे ठरवायचं कसं? त्याचं माप एका बाईंनी नुकतंच तयार केलं होतं. मॉली ऑर्शान्स्की, सामाजिक सुरक्षा खात्यात काम करणाऱ्या, स्वतः गरीब स्थलांतरितांच्या घरात वाढलेल्या. शेती खात्याने अगदी काटकसरीच्या जेवणाचा एक आराखडा केला होता. त्याचा वर्षाचा खर्च त्यांनी घेतला आणि तिनाने गुणला, कारण १९५५च्या एका पाहणीत कुटुंबं उत्पन्नाचा साधारण एकतृतीयांश भाग खाण्यावर घालवतात असं दिसलं होतं. झाली दारिद्र्यरेषा. पुढे घरभाडं कुठच्या कुठे गेलं, मुलं सांभाळायचा खर्च आला, तरी सरकारी रेषा मुळात तीच राहिली, फक्त महागाईप्रमाणे वर सरकत गेली. शाळेतल्या सवलतीच्या जेवणाला या रेषेच्या १८५ टक्क्यांपर्यंतची घरं चालतात, आणि टेक्ससच्या प्री-केचा गरिबीचा निकष हाच. म्हणजे त्या गणवेशातल्या बाईंचा हिशोब साठच्या दशकातल्या भाजी-पावाच्या यादीपर्यंत जाऊन पोचतो.

हे दोन धागे टेक्ससमध्ये एकत्र आले १९८४ साली. शाळांची अवस्था बघायला गव्हर्नर मार्क व्हाइट यांनी एक समिती नेमली होती, अध्यक्ष उद्योगपती रॉस पेरो. (हो, तेच, पुढे राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिलेले.) त्यातून जो मोठा कायदा आला, हाउस बिल ७२, तो लोकांना लक्षात आहे तो नापास मुलांना फुटबॉल खेळू न देण्यासाठी! टेक्ससमध्ये त्यावरून केवढा गदारोळ झाला. त्याच कायद्यात हेही होतं की ज्या शाळा-जिल्ह्यात चार वर्षांची निदान पंधरा पात्र मुलं असतील तिथे प्री-के चालवावंच लागेल, आणि पात्र म्हणजे गरीब किंवा इंग्रजी न येणारी. वर्ग अर्ध्या दिवसाचा, तीन तासांचा. सगळ्यांना द्यायचं तर पैसे पुरणार नव्हते. भाषेचं नाव कायद्यात कुठेच नाही, आणि म्हणूनच पंचवीस वर्षांनी आमची मराठी त्यात बसली. पुढे यादीत एकेक ओळ वाढत गेली. २००६ साली, इराकचं युद्ध चालू असताना, सैनिकांची मुलं आली. त्यानंतर फोस्टर केअरमधली.

व्हिसाचं कोडंही वाचताना सुटलं. टेक्ससच्या एका कायद्याचा आधार घेऊन टायलर गावच्या शाळांनी कागदपत्रं नसलेल्या मुलांकडून वर्षाला हजार डॉलर मागायला सुरुवात केली होती. १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते रद्द केलं. तेव्हापासून सरकारी शाळा हे विचारायच्या भानगडीत पडत नाहीत. मी व्यवस्थित लावून नेलेली फाइल न उघडताच परत आणली, ती त्या पोरांमुळे.

याला दुसरा रस्ता नाही असं नाही. जॉर्जियाने १९९३च्या सुमारास लॉटरी काढून त्या पैशातून प्री-के सुरू केलं, आणि १९९५ साली उत्पन्नाची अट काढूनच टाकली. चार वर्षांचं असणं पुरे. ओक्लाहोमाने १९९८ साली तेच केलं, आणि तो तर आमच्या उत्तरेचा शेजारी, गाडीने दीड तासात सीमा. माझी मावसबहीण जर्सी सिटीत राहते. १९९८ सालच्या न्यायालयाच्या आदेशाने न्यू जर्सीतल्या तीसेक गरीब शाळा-जिल्ह्यांत तीन आणि चार वर्षांच्या सगळ्या मुलांना फुकट शाळा द्यावी लागली, त्यात जर्सी सिटी होतं. तिच्या मुलाला भाषा, पगार, काहीच विचारलं नाही. पत्ता बघितला फक्त. मी तिला आमच्या चाचणीची गोष्ट सांगितली तर तिला आधी ती थट्टाच वाटली.

चिरंजीवांचं वर्ष मजेत गेलं. वर्गात अर्ध्याहून जास्त मुलं स्पॅनिश बोलणारी, त्यामुळे इंग्रजीच्या आधी 'मिरा, मिरा' म्हणजे 'बघ, बघ' हे घरी आलं. वर्षाअखेरीला ते दोन्ही भाषांत भांडत होते. आणि मग, जे सगळ्यांच्या घरी होतं तेच आमच्याकडे झालं. धाकटीशी ते इंग्रजीत बोलायला लागले.

२०१३ साली धाकटीला घेऊन मी त्याच कॅफेटेरियात गेले. तीच टेबलं, तेच दोन प्रश्न. घरात बहुतेक वेळ कोणती भाषा? मराठी, लिहिलं. मूल बहुतेक वेळ कोणती? इथे पेन थांबलं. एका मैत्रिणीने सकाळीच फोन करून सांगितलं होतं, मराठीच लिही, आणि तिला म्हणावं काही बोलू नकोस, लाजतेय म्हणतील. खोटं कशाला सांगू, क्षणभर मनात आलं. मग रांगेत चार वर्षांपूर्वी माझ्यापुढे उभी असलेली बाई आठवली. दुसऱ्या ओळीत इंग्रजी लिहिलं. तरी पहिल्या उत्तरामुळे चाचणी झालीच. छत्रीचं चित्र आलं की नाही ते या वेळी ऐकू आलं नाही, पण बाईसाहेब उड्या मारत परत आल्या. शिक्षिका म्हणाली, अभिनंदन, हिला छान इंग्रजी येतं, ही पात्र नाही.

आम्ही फी भरून खासगी शाळेत घातलं. भरू शकत होतो, भरली. २०११ साली राज्याने पूर्ण दिवसाच्या प्री-केसाठी दिलं जाणारं जादा अनुदान बंद केलं होतं, त्यामुळे ज्यांना जागा मिळाली त्यांनाही आमच्या भागात तीनच तास होते. पात्र मुलांना पूर्ण दिवस द्यायचा कायदा २०१९ साली आला, आमची दोघंही तोवर मोठी झाली होती. त्या बाईच्या मुलाचं त्या वर्षी काय झालं, कोणाकडे ठेवलं त्याला, हे मला कधी कळणार नाही. तो आता आमच्या चिरंजीवांएवढाच असेल.

धाकटी मराठी समजते, उत्तर इंग्रजीत देते. आजीचा फोन आला की मधे दादा लागतो, दुभाष्या म्हणून. परवा कागद सापडला तेव्हा तिला गणेडोची गोष्ट सांगितली. चारशे शब्द म्हटल्यावर तिचे डोळे चमकले. "मला चारशे मराठी शब्द येतात का?" असं इंग्रजीतच विचारलं तिने. मग रात्री जेवण झाल्यावर वही काढली. दादा पंच, बाबा विरोधी पक्ष. पाणी, पोळी, भात, हात, पाय, चप्पल, गप्प, झोप (हे दोन तिला फार ऐकवले गेलेत), आजी, आंबा, छत्री. दोन रात्रींत यादी दोनशे सदतीसवर आली आहे. सध्या 'डोसा' धरायचा की नाही यावर वाद चालू आहे.